काहील थांबली की कोयता थांबतो

संपादक घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "पांडुरंगराव, जन्मभर गुळात हात घातलेत, आता आमच्या दिवाळी अंकाला गुऱ्हाळाच्या चार गोड आठवणी द्या." मी हो म्हणून बसलो. लिहायला घेतल्यावर कळलं, गोडाचं काम करणाऱ्याच्या आठवणी गोड असतात हा लोकांचा भ्रम आहे. उकळत्या रसाचा वास आला की तुमच्या तोंडाला पाणी सुटतं. माझी नजर अजून भीतीनं आधी उभ्या उसाकडं जाते. ती का जाते तेवढंच सांगतो. मी कुठकुठल्या गुऱ्हाळावर हयात घालवली याची जंत्री वाचून तुम्हाला तरी काय करायचंय?

मी गुळव्या. ज्याच्या शब्दावर काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, चुलवाणावरनं उतरते तो गुळव्या. ऊस तोडणारे फडकरी वेगळे, तो घाण्यात घालणारा वेगळा, पिळून निघालेल्या चिपाडाचा जाळ घालणारा वेगळा. रस काहिलीत पडला की मग तो माझा. भेंडीचं पाणी घालून मळी वर आणायची, झाऱ्यानं काढून टाकायची, चुन्याची निवळी द्यायची आणि बघत उभं राहायचं. फेस बारीक होत जातो, रंग फिरतो, बुडबुडे फुटल्याचा आवाज जड येतो. थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघायची. घाई केली तर ढेप बसत नाही, उशीर केला तर करपते. माझी ढेप सांगलीच्या पेठेत गेली की अडते नुसत्या रंगावरून विचारायचे, "पांडबाची का?" ही फुशारकी वाटत असेल तर खुशाल वाटू दे.

गिऱ्हाइकंही एकेक नग भेटायची. माधवनगरच्या गिरणीतले एक साहेब डबा घेऊन काकवी न्यायला आले. लढाईचे दिवस होते, साखर रेशनवर. काहिलीत डोकावून मला म्हणतात, "यात साखर किती टाकता?" मी झाऱ्यानं मळी काढत राहिलो. जाळ घालणारा आमचा लाला, म्हणजे दस्तगीर, चुलवाणातनं तोंड न काढता म्हणाला, "साखर मिळंना म्हून तर ऊस घालावा लागतुय, सायेब." साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. लाला तसाच होता, अंगाला राख आणि तोंडाला कुसळ. आम्ही दोघांनी कितीतरी हंगाम एका चुलीवर काढले.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, पुढं ती लागणार आहे. तोडलेला ऊस पडून ठेवता येत नाही, पिळलेला रस तर नाहीच नाही, आंबतो. म्हणून काहिलीत जेवढा रस मावेल तेवढाच ऊस तोडायचा. काहील थांबली की घाणा थांबतो, घाणा थांबला की कोयता थांबतो. सगळ्या रानाची चाल गुळव्याच्या हातात असते. एरवी मला याचा केवढा तोरा असायचा!

दुसरी गोष्ट उसाची. बाहेरून बघणाऱ्याला ते पीक दिसतं, पण आत एक वस्ती नांदत असते. पाटाच्या पाण्यानं जमीन गार. खाली गळालेल्या पाचटाची गादी. पाल्याला करवतीसारखी धार, त्यामुळं माणूस आत शिरत नाही. गोडाच्या ओढीनं उंदीर येतात, उंदरांमागं घोणस, घोणशीमागं मुंगूस. कोल्हं ऊसच खातं. डुकरीण पाचटात पिल्लं घालते. वर भारद्वाज घुमत असतो. खाणं, पाणी, सावली, आडोसा, सगळं एका जागी मिळाल्यावर कोण कशाला बाहेर पडेल? आणि पडून जाईल कुठं? आजूबाजूला जोंधळा काढून नेलेली उघडी रानं. त्यांना ऊस म्हणजे घरदार, गाव आणि मुलूख एकच.

आपण कोयता लावतो तेव्हा त्यांचं गाव एका कडेनं खचत येतं. ती ओरडत नाहीत, भांडत नाहीत, नुसती आत आत सरकतात. म्हणून जुने फडकरी एक रीत पाळायचे. फड एकाच अंगानं तोडायचा आणि ओढ्याकडची बाजू शेवटपर्यंत सोडायची. ओढ्याला झाडझाडोरा असतो, तिकडनं जनावर आपल्या सवडीनं निघून जातं. वाट मिळाली तर ते जातं, कोंडलं तर अंगावर येतं. आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं.

तर झालं असं. बेचाळीस सालची धामधूम होऊन गेली होती, पण आमच्या मुलखात भूमिगतांचा जोर तसाच होता. उंब्रजच्या खाली आबा म्हणून एक बागाईतदार होते, त्यांच्या गुऱ्हाळावर मी होतो. आबांचा थोरला मुलगा पलटणीत, कुठंतरी समुद्रापलीकडं लढत होता. माझा धाकटा मेव्हणा नामा दोन पावसाळ्यांपासून फरारी होता. हौसाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, हा पाठचा भाऊ. त्याला तिनंच कडेवर घेऊन वाढवलेलं. तो कुठं असतो हे मी विचारत नसे आणि ती सांगत नसे.

आबांच्या फडाचा साधारण निम्मा ऊस तुटला होता. एका दुपारी मी मळी काढत होतो तर कोल्ह्यांची जोडी फडातनं निघाली आणि भर उन्हात ओढ्याकडं चालली. कोयता अजून लांब होता. दोघं थांबून थांबून मागं बघत होती. कोल्हं दुपारचं असं उघड्यावर पडत नाही. त्याला कोणी उठवल्याशिवाय ते घर सोडत नाही.

मी म्हणालो, "लाला, उसात मानूस शिरलाय रं."

लाला चिपाड सारत राहिला. "व्हय."

"तुला ठावं हाय?"

"पांडबा, गोळी बघ तुजी. करपंल."

मी काहील उतरवली. गार व्हायला वाफ्यात गूळ ओतून झाल्यावर तो जवळ आला आणि खांद्यावरचा पंचा झाडत म्हणाला, "तुजा मेव्हणा हाय आत. हौसावैनी माझ्या भाकरीत त्याची भाकरी बांधून देतीया."

 घरी जाऊन हौसाला विचारलं तर ती भाकरी थापताना वर न बघता म्हणाली, "तुमाला सांगून काय करू? तुमच्या तोंडावर समदं दिसतं. गुळाची गोळी झाली तरी गावाला कळतंय."

"अगं, पण आबांचाच फड? तो तर तुटाया लागलाय!"

"दुसरा ऱ्हायलाय कुठं? खालच्या अंगाचा समदा ऊस गेला. अंगात ताप हाय त्याच्या, डोंगर चढवना. दोन दिस पडून ऱ्हातो म्हणला." मग तिचा हात थांबला. "आवं, तुमी जरा सावकाश शिजवा की गूळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस पार्टी आली. कुणीतरी नामाला त्या रानात शिरताना बघितलं होतं. आधी दोघं शिपाई बंदुका घेऊन आत घुसले. पिल्लांची डुकरीण होती, तिनं एकाची पोटरी फाडली. त्याला खाटेवर घालून नेलं आणि परत आत जायचं नाव कुणी काढलं नाही. जमादार मात्र शांत होता. बोलायला मऊ. गुऱ्हाळाच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात, घोंगडं टाकून बसला, माझ्याकडून गरम गूळ मागून घेतला आणि बोटं चाटत म्हणाला, "झ्याक हाय."

मग आबांना बोलावून म्हणाला, "आबा, आमी आत कशाला जायाचं? तुमी तोडा की. पर एका अंगानं न्हाई. चारी अंगांनी तोडा."

आबांचा चेहरा पडला. "जमादारसायेब, आत जनावरं हाईत. ओढ्याची बाजू उघडी ठेवायची रीत हाय आमची."

"तुमचा ल्योक सरकारच्या पलटनीत हाय न्हवं? मग सरकारचं ऐका."

आबा हात जोडून मागं फिरले. शिपाई चारी कोपऱ्यांवर बसले. सगळीकडनं कोयते वाजायला लागले.

जमादार म्हसवडकडचा. उघड्या माळाचा माणूस. संध्याकाळी माझ्या चुलीपाशी बसून गप्पा मारायचा. एकदा म्हणाला, "आमच्याकडं ऊसबी न्हाई आन पानीबी न्हाई, पांडबा. लांडगा मेंढरं न्यायला लागला तर त्याच्या मागं कोन पळत न्हाई. लांडग्याच्या पायाला कोन पुरनार? उनाळ्यात डोंगराला एखादाच झरा असतुया. धनगर झऱ्यावर जाऊन बसत्यात. लांडगं आपसूक येत्यात." एवढं बोलून त्यानं उसाकडं बघितलं आणि मला विचारलं, "तुजी सासुरवाडी कुठली रं?"

मी सांगितलं, नामाचंही गाव तेच. खोटं सांगून भागणार नव्हतं. तो नुसतं "बरं" म्हणाला. त्या एका "बरं"नं माझी झोप उडाली. हा मला ओळखून बसलाय की सहज विचारतोय, काही कळेना.

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. पाक होत आलेला दिसत असताना काहील कच्ची उतरवली. ढेप बसली नाही. सगळा माल चिखलासारखा वाफ्यात पसरला. मग घाणा बंद, कोयते बंद, काहील घासायला दुपार गेली. पुढच्या खेपेच्या आधणात चुना जास्त घातला, गूळ काळाकुट्ट निघाला. फडकरी एकमेकांकडं बघायला लागले. आबा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पांडबा, बरं न्हाई का तुला?" मी काहील घासायला वाकलो. आबांना सगळं कळत होतं असं मला आजही वाटतं, पण त्यांनी पुढं एक अक्षर विचारलं नाही. ढेपा वाहून नेणाऱ्या गाडीवानानं मात्र तोंडावर सांगितलं, "ह्यो माल पांडबाचा म्हून सांगलीला कसा न्यावा?" गुळव्याला हे ऐकावं लागणं म्हणजे जिवंतपणी मरण. ते मी ऐकलं आणि परत कच्ची काहील उतरवली.

पण किती खराब करणार? तुकडा लहान होतच होता. तो जसजसा लहान झाला तसतसा आतला आवाज वाढला. आधी नुसती सळसळ असायची. मग दिवसभर काहीतरी धावतंय, आदळतंय, चिरकतंय असं ऐकू यायला लागलं. चारी बाजूंची सगळी वस्ती मधल्या चिंचोळ्या जागेत येऊन कोंबली गेली होती. एक फडकरी कोयता टाकून ओरडतच पळाला, त्याच्या पायाशी घोणस वेटोळं करून फुसफुसत होती. बायका काम सोडून बसल्या. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध माझा मेव्हणा तापानं फणफणलेला पडला होता. बाहेर निघाला तर बंदुका, आत राहिला तर ही सगळी भ्यालेली जनावरं. लाला भाकरी पोचवायचा ती वाटही बंद झाली होती. हौसा न्याहारी घेऊन यायची, ऊन डोक्यावर आलं तरी हलायची नाही, त्या तुकड्याकडं बघत बसायची. मी खेकसायचो, "घरी जा, जमादार बघतुय." ती म्हणायची, "बघू द्या."

शेवटी एवढाच तुकडा उरला की उद्या सकाळी तो संपला असता. दिवस कलायला लागला होता. शेवटचं आधण काहिलीत होतं आणि फेस वर येत होता. फेस काठाला आला की वर तेलाचे चार थेंब टाकतात, नाहीतर गुळव्या ओरडतो, "जाळ ओढ!" मग जाळ घालणारा पेटती चिपाडं चुलवाणातनं बाहेर खेचतो आणि पाणी मारून विझवतो. मी तेल टाकलं नाही. फेस काठावरनं सांडला, चुलवाणात पडला, केवढा तरी फुफाटा उठला आणि मी जीव खाऊन ओरडलो, "लाला, जाळ ओढ!"

लालानं माझ्याकडं एकदा बघितलं. मग पेटती चिपाडं खेचली ती वाळल्या चिपाडाच्या गंजीपर्यंत. पाण्याच्या बादलीला पायानं ढकललं.

गंज भडकली. कोपी पेटली, जमादार घोंगडं टाकून बाहेर आला. माणसं बोंबलत धावली. मी तेवढं योजलं नव्हतं, मला फक्त गोंधळ हवा होता. वारा फिरला आणि धुराचा लोट सरळ उसाच्या तुकड्यावर गेला. पाठोपाठ ठिणग्या. वाळला पाला, एक ठिणगी पडली असती तर पोरगं आत जिवंत भाजलं असतं, आणि ते मी केलं असतं.  मी नुसता उभा राहिलो. हौसानं तोंडात पदर कोंबला होता.

धूर आत गेला आणि तुकडा फुटला. आधी कोल्ही, मग डुकरीण पिल्लांसकट, मागं आणखी डुकरं. सगळी धुराकडं पाठ करून ओढ्याच्या दिशेनं सुटली. तिकडच्या शिपायांनी पोटरी फाटलेला सोबती बघितलेला होता. एक बांधावरच्या बाभळीवर चढला, दुसरा बंदूक टाकून पळाला. धुरात पुढचं काही दिसलं नाही. जमादार "जागा सोडू नका" म्हणून ओरडत होता आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं.

आग विझली तेव्हा गंज जळून गेली होती, काहील करपली होती. ऊस कसाबसा वाचला होता. जमादारानं लालाच्या कानाखाली वाजवली. लाला गाल चोळत म्हणाला, "गुळव्या म्हणला जाळ वढ. म्या वढला."

सकाळी जमादारानं तो तुकडा आपल्यासमोर तोडून घेतला. नामा धुरात निसटला की आतच आहे, मला ठाऊक नव्हतं. आत कुणी नव्हतं. मधे माणसाच्या लांबीएवढी पाचट दबलेली होती आणि बाजूला उसाच्या चोयट्या पडल्या होत्या, दातांनी लांब लांब सोललेल्या. कोल्हं ऊस चावून चघळून टाकतं, सोलत बसत नाही. जमादारानं एक चोयटी उचलली, उलटसुलट केली आणि माझ्यासमोर धरली.

"तुमच्याकडची कोल्ही लय शिस्तीनं खात्यात रं, पांडबा."

मी चोयटीकडं न बघता पुढची मोळी उचलली.  त्यानं चोयटी खिशात घातली. "असू दे. हंगाम संपत आलाय. समद्यांचाच ऊस संपनार हाय. आमाला काय घाई?" एवढं बोलून तो निघून गेला.

नामा आमच्या मागल्या दारी एकदाच आला. ताप उतरला होता, अंगभर पाल्याचे ओरखडे. हौसानं त्याला पोटाशी धरलं. जेवताना मी विचारलं, "नामा, आत कसा रं ऱ्हायलास?"

"दाजी, पयल्यांदा लय भ्यालो. मग जागाच उरली न्हाई, तवा समदी येऊन बसली. मुंगूस हितं, घोणस तितं. डुकरीण पिल्लं घिऊन माझ्याकडं बघत बसायची. कुनी कुनाला चावलं न्हाई. भाईर कोयता वाजला की समद्यांचं अंग एकदम थरारायचं, माझंबी." तो थांबला आणि कसंनुसं हसला. "तुमचा गूळ लय बिघडला म्हनं?"

"तुझ्या भनीला इचार," मी म्हणालो. तिघंही हसलो. त्या घरातलं ते शेवटचं मोकळं हसणं असावं.

आबांनी मला काढलं नाही, पण पुढच्या हंगामाला बोलावलंही नाही. त्यांचा ऊस संपला होता आणि त्या हंगामाचे थोडे दिवस उरले होते, म्हणून पोटासाठी मी वरच्या गावात दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर गेलो. तिथं माझी ढेप पुन्हा पहिल्यासारखी बसायला लागली. मन लावून काम केलं. गाडीवानाचं बोलणं धुऊन काढायचं होतं ना! एकामागून एक फड काहिलीत उतरत होते आणि मला त्याचा आनंद होत होता. सांजच्याला घरी आलो की हौसा विचारायची, "अजून किती ऊस उभा हाय?" मी सांगायचो. ती परत चुलीकडं वळायची. तिच्या विचारण्याचा अर्थ माझ्या टाळक्यात शिरला तेव्हा नदीच्या दोन्ही काठांना नजर जाईल तिथवर नुसते खोडवे आणि नांगरलेली ढेकळं होती. कोल्हीही दिसेनात. ती कुठं गेली कोण जाणे.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी पोलिसांनी नामाला उघड्या रानात गाठलं. फितुरी झाली नव्हती. तो एका वस्तीवरनं दुसरीकडं निघाला होता, लांबून दिसला. लपायला बांधावर झुडूप नव्हतं. नांगरटीतनं ढेकळांना ठेचकाळत पळत होता म्हणे. ओढा समोर दिसत असताना गोळी लागली. बातमी सांगायला लाला आला आणि दारातच मटकन बसला. जमादार त्या पार्टीत होता की नव्हता, मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही.

दुसऱ्या दिवशी गावात गुढ्या उभ्या राहिल्या. आमच्या दारी नव्हती. हौसानं मला दोष दिला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढंही कधी नाही. ऊस तोडायचाच असतो, गूळ शिजवायचाच असतो, हे तिलाही कळत होतं. मी पुढं खूप वर्षं गुळव्या राहिलो, पेठेत नावही परत मिळवलं.

पण पाडव्याला कडुनिंबाचा पाला गुळाबरोबर खायची आपली पद्धत आहे. हौसा होती तोवर दर पाडव्याला मी वाटीत पाला आणि माझ्या हातचा गूळ घेऊन तिच्यापुढं धरायचो. ती पाला उचलायची आणि गूळ तसाच ठेवायची. गुळव्याच्या घरातली ती बाई नुसता कडू पाला चावून गिळायची, आणि मी वाटी हातात धरून समोर बसून असायचो.